डोंगरावरच्या म्हाताऱ्याची बोळवण

तंबूतल्या सिनेमाला माणसं कशाकशासाठी रडतात ते मी पाहिलेलं आहे. सासूनं छळलेल्या सुनेसाठी रडतात, पोरका झालेल्या पोरासाठी रडतात, आणि केनवडला एकदा तंबूचा बांबू डोक्यात बसला म्हणून एक भला माणूस मध्यंतरापर्यंत रडत होता. मशीन चालवणाऱ्याला मात्र रडायची सवड नसते. मशीनच्या दिव्यात कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात, त्यांच्यातलं अंतर राखायचं असतं. डोळे पुसायला हात वर केला की पडद्यावर अंधार, आणि अंधार झाला की शिट्ट्या. मी बारा गावचं पाणी प्यालेला ऑपरेटर. प्रेक्षक या जातीबद्दल मला फारसं प्रेम कधी नव्हतं.

पण एका इंग्रजी सिनेमातल्या, परक्या मुलखातल्या, दाढीवाल्या म्हाताऱ्यासाठी गळा काढून रडणारी बाई मी एकच पाहिली. तिचं नाव कमलीबाई. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडे एका बंजारा तांड्यावर ती राहायची. तांड्यावर तिला सगळे नुसतं डोकरी म्हणत, म्हणजे म्हातारी. पोरांनी म्हणावं, मोठ्यांनीही म्हणावं. तिला दुसऱ्या कुठल्या नात्यानं हाक मारणारं कोणी नव्हतंच.

आधी त्या सिनेमाचं सांगतो. आमचे मालक बबनराव. दिवाळी झाली की तंबू, मशीन, विजेचं इंजिन असं सगळं बैलगाड्यांवर लादून आम्ही निघायचो ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत. मालेगाव, केनवड, कामरगाव, मधली बाजाराची गावं, जत्रा. एका वर्षी नवा खेळ मिळेना, तेव्हा अमरावतीच्या कोणा वितरकानं हा जुना इंग्रजी माल बबनरावांच्या गळ्यात मारला. त्या सिनेमाचं नाव कोणाला उच्चारता येईना. बबनरावांनी स्वतःच ब्रश घेतला आणि फळ्यावर रंगवलं, 'समुद्र फाटला'.

मी म्हटलं, "मालक, दुभंगला म्हना. बरं दिसते."

"दुभंगला म्हनलं त लोकायले मास्तरचं व्याख्यान वाटन. फाटला म्हंजे फाटला!"

त्यांचं खरं ठरलं. गोष्ट साधी होती. एक दुष्ट राजा. त्याच्या मुलखात परक्या माणसांना वेठीला धरलेलं, विटा थापायच्या आणि चाबूक खायचे. त्यांच्यातला एक म्हातारा उठतो, देवाचं ऐकतो आणि बायका-पोरं, गुरंढोरं, गाठोडी असा सगळा लवाजमा घेऊन बाहेर पडतो. पुढे समुद्र, मागे राजाची फौज. म्हातारा काठी उचलतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी भिंतीसारखं उभं राहतं. मधून वाट. एवढं पडद्यावर आलं की तंबूत नारळ फुटायचे. देव कोणता हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण समुद्र वाट देतो म्हणजे देव असणारच, असा हिशेब. समुद्र तरी कोणी पाहिला होता? आमच्याकडे पाणी म्हणजे पुरातली पैनगंगा. रिसोडकडचा एक जण मला म्हणाला, "पैनगंगा अशी फाटली असती त मायी म्हैस वाचली असती ना बापा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हसलो नाही.

नवे-नवे खेळ आले, एका हंगामात शिळे झाले, पण हा दरवर्षी चालायचा. तेच लोक, तोच समुद्र. असं का, याचा मी पुष्कळ विचार केला. कार्बन सांभाळताना डोक्याला दुसरं काम नसतं. मला वाटतं, ज्याला रोज उठून दुसऱ्याच्या हुकमात राबायचं असतं, त्याला वर्षातून एकदा तरी आपल्यासारख्यांसाठी पाणी बाजूला सरलेलं बघायचं असतं. मलाही बघायचं असायचं. बबनरावांच्या हाताखाली काम करून बघा, तुम्हालाही वाटेल.

सिनेमा इंग्रजी, म्हणून बबनराव माइक धरून वऱ्हाडीत सांगत जायचे. "आता राजा भडकला पाहा. आता थो म्हातारा काय करते ते पाहा." समुद्र आटोपला की त्यांचा घसा बसायचा आणि पोट बोलायला लागायचं. ते माइक ठेवून भाकर खायला निघून जायचे. माणसंही उठून वहाणा शोधायला लागायची. पण समुद्रानंतर अजून एक रीळ होतं. शेवटचं.

त्या रिळात काय, तर सगळा कबिला चालत-चालत एका डोंगराशी येतो. खाली नदी, नदीपल्याड हिरवा मुलूख. इतकी वर्षं ज्याच्यासाठी चालले तो हाच. पण म्हाताऱ्याला तिथे जायची देवाची परवानगी नाही. म्हातारा आपली काठी एका तरुणाच्या हातात देतो आणि डोंगरावर एका दगडावर बसतो. माणसं उतरायला लागतात. गाढवं, शेरडं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे उताराला लागतात. म्हातारा बघत बसतो. धूळ खाली बसते. संपला.

पहिल्या वर्षी मालेगावच्या बाजाराला तांडाच्या तांडा सिनेमाला आला होता. पुढे देवला नाईक, तांड्याचे प्रमुख, पिळदार मिशांचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. इंग्रजांची रेल्वे आली, तो धंदा बुडाला, तांडे जागोजाग बसले. पडद्यावर तो लवाजमा निघाला तसे देवला नाईक उभेच राहिले. "अरे, हा त तांडाच हाये! बैल नाईत, गाढवं हायेत. पन चाल थेच!" मग बंजाऱ्यांच्या बाजूला एकच कालवा. कोण पुढे चालतंय, कोण मागे रेंगाळतंय, म्हातारीला जनावरावर का बसवलं नाही, सगळ्यांची मतं सुरू. मी मनात म्हटलं, झालं, यांचं घरचं कार्य निघालं.

शेवटचं रीळ लागलं. बबनराव भाकरीकडे गेले. तंबूत फक्त मशीनची टिकटिक आणि बाहेर इंजिनाची धडधड. म्हातारा दगडावर बसला, माणसं उतरायला लागली, आणि बायांच्या बाजूनं एक आवाज उठला. मला आधी वाटलं, कोणाला विंचू चावला. पण आवाज सुरात होता. लांब, वर चढणारा, मध्ये शब्द, मग पुन्हा चढणारा. एक म्हातारी उभी राहून पडद्याकडे हात पसरून रडत होती. वहाणा शोधणारी माणसं जागच्या जागी थांबली. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला, तरी ती आपलं पूर्ण करूनच खाली बसली. मग नाक पुसलं आणि शेजारणीकडे पान मागितलं.

मला राग आला होता. खेळ बिघडवणारी माणसं मला सहन होत नाहीत. मी खाली उतरून तिच्याकडे गेलो.

"बाई, हा सिनेमा हाये. खरा मानूस नाई थो."

"मले का समजत नाई? आंधळी हाये का मी?"

"मंग रडता काहून?"

"अरे, एवढ्या बाया चालल्या, एक तरी रडली का? ज्यानं पान्यातून वाट काढून देली त्याले एकलं दगडावर बसवलं आन् शेरडं हाकलत चालले. त्यायच्यात रडनारी बाई नाई का कोनी? नसन, त मी हाये." एवढं बोलून तिनं पान तोंडात टाकलं.

नंतर देवला नाईकांनी मला समजावलं. बंजाऱ्यांची मुलगी सासरी निघते तेव्हा ती आपली मुसमुसून गाडीत बसत नाही. एकेकाच्या गळ्यात पडते आणि सुरात, शब्द जुळवून रडते. त्याला ढावलो म्हणतात. याडीसाठी, म्हणजे आईसाठी, वेगळा. बापाचा वेगळा, भावाचा वेगळा. नाईकाचा असतो, गोठ्यातल्या गाईचाही असतो. हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं. लग्न ठरलं की पोरगी संध्याकाळी एखाद्या जाणत्या म्हातारीकडे जाऊन बसते आणि रडायला शिकते. आमच्या भागातल्या चार-पाच तांड्यांची ही जाणती म्हणजे कमलीबाई. जिला नीट रडता आलं नाही तिला सासरीही बोल लागतो आणि शिकवणारीलाही.

कमलीबाईचा नवरा हरिसिंग लग्नानंतर लवकरच तापानं गेला होता. मूलबाळ नव्हतं. तांड्याच्या टोकाला तिची झोपडी, दोन शेळ्या. किती पोरींना तिनं रडायला शिकवलं याची गणती नाही. त्या सगळ्या आपापल्या याडीच्या, बापाच्या, काकीच्या गळ्यात पडून रडल्या आणि गेल्या. शिकवणारी नात्याची नसते, तिचा ढावलो नसतो. पोरगी निघायची तेव्हा कमलीबाई बाजूला उभी राहून सूर कुठे घसरतो ते ऐकायची. उन्हाळ्यात सगळा तांडा कामाला बाहेर जायचा, दगड फोडायला, रस्त्यावर, मिळेल तिकडे. मागे राहायच्या दोन शेळ्या, चार कुत्री आणि डोकरी.

मी तिला एकदा विचारलं होतं, "करमते का वो एकलीले?"

"करमाचं काय? शेरडं बोलतेत. मी मेल्यावर मात्र शेरडाले रडता येनार नाई." ती हसली. मला काही हसू आलं नाही. तंबूच्या धंद्यात रोज शेकडो माणसं येतात आणि रोज खेळ संपला की गुंडाळलेल्या सतरंज्यांवर आपण एकटेच झोपतो. ते मला ठाऊक होतं.

पुढे दरवर्षी ती यायची. मालेगावला तंबू लागला की त्या वर्षीच्या नवऱ्या मुलींना घेऊन हजर. तिनं त्या शेवटच्या रिळाची शाळाच करून टाकली. पोरी समुद्राला टाळ्या पिटायच्या, तेव्हा ही तंबाखू मळत बसायची. समुद्राचं तिला काही नव्हतं. डोंगर आला की पोरींना कोपरानं ढोसायची. "पाहा आता. पाहा कसा एकला राह्यला. आता घ्या सूर." आणि पोरी रडायच्या. बबनराव आधी चिडले, मग त्यांच्या लक्षात आलं की तांड्यांचं रडणं ऐकायला गावातले लोकही शेवटपर्यंत थांबतात. मग त्यांना ते रडणं गोड लागायला लागलं.

वाशीमच्या मिशन दवाखान्यातला एक ख्रिस्ती कंपाउंडर एकदा खेळाला आला होता. त्यानं हे पाहिलं आणि मला म्हणाला की आमच्या पोथीत लिहिलंय, म्हातारा गेला तेव्हा त्याची सगळी माणसं किती दिवस रडली. सिनेमावाल्यांनी तेवढंच गाळलं. मी मोठ्या हौसेनं हे कमलीबाईला सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

ती म्हणाली, "रडले होते ना? मंग दाखवत काहून नाई, मेले!"

असं पाच-सहा वर्षं चाललं. मधे आमचं राज्य बदललं, मध्यप्रदेशातून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, फळ्यावरचा रंग दोनदा उडाला. कमलीबाईला दमा जडला. आणि मग आली बेबी.

बेबी ही त्याच तांड्यावरच्या गोपीचंदची पुतणी. आई-बाप लहानपणीच गेलेले, काका-काकीकडे वाढलेली. काकीनं पोसलं आणि पोसल्याचं रोज ऐकवलं. पोरगी उंच, हडकुळी, डोळे कोरडे खडखडीत. लग्न ठरलं हैदराबादेकडच्या तांड्यावर, फार लांब. गोपीचंदनं तिला कमलीबाईकडे धाडलं. सूर तिला पाठ झाले, शब्द पाठ झाले, पण रडू येईना. पोपटासारखं म्हणायची. कमलीबाईनं चिमटे काढले, उपाशी बसवलं, केस ओढले. पोरगी हूं की चूं करेना.

हे मला कमलीबाईनंच सांगितलं, बाजाराच्या दिवशी, तंबूचे खुंटे ठोकत होतो तेव्हा. "रामकिसन, ही पोट्टी मायं नाव बुडवते. दोन दिवसांनी लगन हाये. मी इचारलं, बाई, रडत काहून नाई? त काय म्हनते, कोनाच्या गळ्यात पडून रडू? काकीच्या? सांग आता! आज थो म्हातारा दाखवतो तिले. त्याले पाहून नाई रडली त मंग देवच हाये."

मी खुंटा ठोकत राहिलो. मला घाम फुटला होता, आणि तो कामाचा नव्हता. कारण ते शेवटचं रीळ आमच्याकडे राहिलंच नव्हतं. मागच्या मुक्कामाला, कामरगावात, ते मशीनमध्ये चिंध्या-चिंध्या झालं. फिल्मच्या कडेची भोकं झिजली होती, दरवेळी तुटायचं, मी जोडत होतो, शेवटी जोडायलाही काही उरलं नाही. बबनराव म्हणाले, "जाऊ दे. समुद्रावर संपव. लोकायले समुद्रच पायजे." आणि काचेवर 'समाप्त' लिहून आणलं.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ती धापा टाकत, काठी टेकत गेलीसुद्धा, आणि मी पुढचा खुंटा ठोकायला घेतला.

त्या दिवशी समुद्र नेहमीसारखा दुभंगला. नारळ फुटले. फौज बुडाली. मी 'समाप्त'ची काच लावली. दिवा लागला, माणसं वहाणा शोधत निघाली. बघता बघता तंबू रिकामा झाला. बायांच्या बाजूला कमलीबाई तशीच बसलेली, शेजारी बेबी हाताची घडी घालून उभी.

"रामकिसन," तिनं हाक मारली. "डोंगर राह्यला ना."

मी खाली उतरलो. "माय, थे रीळ फाटलं. कामरगावले. तुकडे झाले त्याचे."

"आन् थो म्हातारा?"

"आता थो कोनाले दिसनार नाई."

तिनं पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. "म्हंजे थो तिथंच हाये. आंदी कोनी रडत नवतं, आता कोनी पायतही नाई."

 माझ्या हातात 'समाप्त'ची काच होती, ती मी उगाच धोतरानं पुसत बसलो.

कमलीबाई काठी टेकत उठली. पडद्यासमोर गेली, ओढणी सारखी केली आणि सूर लावला. पांढऱ्या फटफटीत पडद्यासमोर, दिव्याच्या उजेडात, तिथं नसलेल्या माणसासाठी. सूर वर चढला आणि तुटला. खोकल्याची उबळ आली. ती थांबली, पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मग नुसतीच धाप. ती तिथेच मातीत बसली आणि बेबीकडे न बघता म्हणाली, "आता नाई होत माह्यानं."

बेबी इतका वेळ हलली नव्हती. ती आली, डोकरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. आधी काही आवाजच आला नाही, नुसती पाठ हलत होती. मग आला.

"याडी ये..."

कमलीबाई दचकली. तिनं पोरीला मागे ढकललं. "मले याडी नाई म्हनत पोरी. मी तुयी कोन?"

बेबीनं सोडलं नाही. मला त्यांची बोली अर्धीमुर्धी कळायची, पण त्या दिवशी सगळी कळली. याडी, तू मला उपाशी बसवलंस आणि मग तुझ्या ताटातली भाकर दिलीस. याडी, तू माझे केस ओढलेस आणि मग तूच विंचरलेस. तांड्याच्या सगळ्या पोरी गेल्या, मीही चालले, तू टोकाच्या झोपडीत एकटी राहशील, तुझ्या दारात कोण बसेल. शब्द शिकवलेले नव्हते, तिचेच होते. सूर मात्र शिकवलेला होता.

कमलीबाईचा हात सवयीनं पोरीच्या पाठीवर गेला आणि ताल धरायला लागला. "सूर वर घे," ती पुटपुटली. "वर घे जरा. हां." आणि मग तो हात थांबला.

तेवढ्यात बबनराव भाकरीचा हात झटकत तंबूच्या दारात आले. "रामकिसन, इंजन बंद कर ना बे! डिझल का फुकट येते?"

मी म्हटलं, "थांबा, मालक." त्यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते ओरडायला पुढे आले, आत बघितलं आणि दारातच उभे राहिले.

इतकी वर्षं कमलीबाईला मी रडताना ऐकलं होतं, ते नेहमी सुरात. त्या दिवशी ती पहिल्यांदा बेसूर रडली. लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून, नाक वाहत. पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती एकच म्हणत होती, "अजून एक डाव म्हन. याडी म्हन." आणि बेबी म्हणत होती.

मी बाहेर जाऊन इंजिनापाशी बसलो. ते बंद केलं नाही.